युक्ती मापासकट सांगावी

"डबे हलके आहेत तुझे, म्हणून वळणावर उतरतात. थोडं वजन भर." मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने पडलेल्याला हा सल्ला अगदी सुरुवातीलाच मिळतो. सल्ला खरा आहे, पण 'थोडं' म्हणजे किती? कुणी डब्याच्या तळाला एक नट चिकटवतो, कुणी शिशाचे छर्रे ओततो. मग एक डबा जड, दुसरा हलका अशी गाडी होते आणि ती पूर्वीपेक्षा जास्त वेळा घसरते.

याचं उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, म्हणजे एनएमआरएने, फार पूर्वी आकड्यांत देऊन ठेवलं आहे. एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराच्या डब्यासाठी सुरुवातीला एक औंस धरायचा आणि डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वाढवायचा. आपल्या मापात सुमारे २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. बारा सेंटिमीटरची वाघीण साधारण ९५ ग्रॅमची हवी आणि २७ सेंटिमीटरचा प्रवासी डबा १८० ग्रॅमच्या आसपास.

कारण कळलं की हा नियम विसरत नाही. लांब गाडीचं इंजिन वळण पार करून पुढे गेलेलं असतं आणि शेपूट अजून मागे असतं. ओढीचा जोर तेव्हा वळणाच्या कडेकडेने न जाता सरळ रेषा धरू पाहतो आणि मधले डबे आतल्या बाजूला खेचले जातात. पुढचे-मागचे डबे जड आणि मधला हलका असेल तर बळी तोच जातो. त्यामुळे वजन किती यापेक्षा सगळ्या डब्यांना एकच नियम लागू आहे की नाही, याला जास्त महत्त्व आहे. वजन तळाशी हवं हेही त्यातूनच येतं. छताजवळ ठेवलं तर डबा डुलतो.

माप बदललं की आकडे बदलतात, आणि नुसत्या प्रमाणात बदलत नाहीत. एन मापात, म्हणजे १:१६० मध्ये, सुरुवातीचे १४ ग्रॅम आणि दर सेंटिमीटरला सुमारे १.७ ग्रॅम असा हिशोब आहे. एचओवाल्याने आपला १८० ग्रॅमचा आकडा तेवढा सांगितला, तर एनवाल्याला त्याचा काहीच उपयोग नाही. वजन कशासाठी ते सांगितलं तर मात्र तो स्वतःच्या गाडीवर प्रयोग करून योग्य आकड्यापर्यंत पोचू शकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा छंद उभा राहिला तो एकमेकांना सांगितलेल्या युक्त्यांवर, आणि त्यांतल्या टिकल्या त्या मापासकट आणि कारणासकट सांगितलेल्या. बाकीच्या सांगणाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडल्या नाहीत.

एनएमआरए स्थापन झाली १९३५ मध्ये, मिलवॉकी शहरात. त्याच्या आदल्या वर्षी त्याच शहरातून अल् काल्मबाख यांनी 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू केलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच गावात आणि इतक्या लागोपाठ घडाव्यात यात नवल नाही. मासिकामुळे माणसं एकमेकांची कामं वाचू लागली आणि वाचताना लक्षात आलं की एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर धड चालत नाही. चाकाची रुंदी वेगळी, दोन चाकांमधलं अंतर वेगळं, जोडणीची कडी वेगळ्या उंचीवर. मित्राच्या घरी आपली गाडी नेऊन चालवायची सोय नव्हती. ही मापं एकदा ठरवून सगळ्यांनी पाळावीत म्हणून छांदिष्टांनीच संघटना काढली.

त्या कामातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे चाकाच्या कडेचा आकार. एनएमआरएच्या कागदपत्रांत त्याचं नाव 'आरपी-२५' असं रुक्ष आहे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असतो. आरपी-२५ मध्ये हा उतार तीन अंशांचा आहे, म्हणजे साधारण एकोणिसास एक. भारतीय रेल्वेच्या खऱ्या चाकाचा उतार विसास एक असतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते, तेव्हा बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतलं चाक लहान व्यासावर चालू लागतं. दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की असूनही बाहेरचं जास्त अंतर कापतं आणि जोडी आपोआप वळते. चाकाची कड आणि हा उतार जिथे मिळतात तिथे काटकोन नसतो, एक गोलाई असते. त्या गोलाईमुळे चाक रुळाच्या धारेवर चढत नाही, परत खाली घसरतं.

खऱ्या चाकाचा आकार तंतोतंत ८७ पटीने लहान केला असता तर मात्र गाडी चालली नसती. खरं चाक जवळपास १४० ते १४५ मिलिमीटर रुंद, म्हणजे एचओमध्ये पावणेदोन मिलिमीटरच्या आत. एचओत सर्रास वापरलं जाणारं चाक २.८ मिलिमीटर रुंद आहे. ही वाढ मुद्दाम ठेवलेली आहे. हाताने घातलेल्या रुळात, लाकडाच्या फळीवर, सांध्यांच्या फटींत जी चूकभूल राहते ती या जास्तीच्या रुंदीत सामावली जाते. दिसायला थोडं जाड, चालायला भरवशाचं. ज्यांना दिसण्यात तडजोड नको ते बारीक चाकं वापरतात आणि त्याची किंमत रूळ घालण्याच्या काटेकोरपणात मोजतात. दोन्ही मार्ग योग्य आहेत. निवडताना आपण काय सोडतो आहोत ते माहीत असावं.

हे झालं संघटनेचं काम. एकेकट्या माणसांनी दिलेलं दानही मोठं आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार राहत. १९१३ चा जन्म. 'गोर अँड डॅफेटिड' नावाची एक काल्पनिक रेल्वे त्यांनी आपल्या घराच्या तळघरात उभारली. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, त्यांत दऱ्या, पूल, गंजलेल्या पत्र्यांची गावं. त्या काळी मॉडेल गाड्या दुकानातून आणल्या तशा चकचकीत ठेवण्याचा रिवाज होता. ॲलननी त्यांच्यावर धूळ, काजळी, गंज रंगवला. पार्श्वभूमीकडची घरं मुद्दाम लहान मापाची करून अंतराचा भास निर्माण केला. पुलाखाली किंवा इमारतीच्या आडोशाला आरसे बसवून एका रस्त्याचे दोन केले. आरशाची कड कशाआड लपवायची आणि पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा त्यात दिसू नये म्हणून तो कोणत्या कोनात ठेवायचा, यात ती सगळी खुबी आहे.

जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारले आणि काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे जवळजवळ पूर्ण जळाली. आज तिथे पाहायला काही नाही. तरी गाडीवर धूळ रंगवणारा जगातला प्रत्येक छांदिष्ट त्यांच्या रीतीने काम करतो, कारण हयातीत त्यांनी छायाचित्रांतून आणि लेखांतून आपल्या क्लृप्त्या सांगून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरचं पुस्तक लिन वेस्टकॉट यांनी लिहिलं. ते १९८१ मध्ये, वेस्टकॉट यांच्याही मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं.

वेस्टकॉट हे 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक. सांगण्याची कला त्यांच्याइतकी या छंदात फार थोड्यांना साधली. त्यांची एल-गर्डर बांधणी पाहा. एका उभ्या पट्टीच्या वरच्या कडेला दुसरी आडवी पट्टी चिकटवायची, की उलट्या 'एल' आकाराची तुळई तयार होते. अशा दोन तुळयांवर आडव्या कड्या टाकायच्या आणि स्क्रू खालून पिळायचे. खालून का? तर वर रूळ आणि डोंगर झाल्यावरही एखादी कडी काढून चार बोटं सरकवता येते. नेमकी रूळ बदलणाऱ्या सांध्याची मोटर बसवायच्या जागी लाकूड आडवं आलं, ही तक्रार प्रत्येकाच्या वाट्याला येते. वेस्टकॉटनी लाकडाची ताकद वाढवलीच, पण खरी मेहनत घेतली ती नंतर येणाऱ्या अडचणीवर.

डोंगरांसाठीची त्यांची रीत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचा उंचसखल आकार रचायचा, त्यावर प्लॅस्टरच्या पाण्यात बुडवलेले कागदी रुमाल अंथरायचे, वाळल्यावर आतले कागद काढून घ्यायचे. उरतं ते पातळ, कडक कवच. दिवाळीत आपल्याकडची मुलं दगडविटांच्या रचनेवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून किल्ला करतात, तेच हे तंत्र. ज्याने लहानपणी किल्ल्यावर हळीव पेरले आहेत त्याला कापडाची सुरकुती कुठे कडा होते आणि कुठे दरी, हे हातालाच ठाऊक असतं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसला फार पाणी झालं तर कवच ठिसूळ होतं आणि फार घट्ट झालं तर रुमालात शिरत नाही. पातळ श्रीखंडाइतकं असावं. रुमालावरून ओघळून गेलं की पाणी जास्त झालं असं समजावं.

आता वळणांकडे येऊ. घरच्या रेल्वेतल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ तिथे असतं. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं चालतं. ८७ ने भागा: दोन मीटर. म्हणजे खऱ्या रेल्वेतलं सगळ्यात वाईट वळणसुद्धा घरात करायचं तर चार मीटर रुंदीची खोली हवी. आपण ४५ किंवा ६० सेंटिमीटर त्रिज्येवर भागवतो आणि मग साडेतेवीस मीटरच्या एलएचबी डब्याची २७ सेंटिमीटरची प्रतिकृती तिथे अडखळली की नवल करतो.

यावर अनुभवी लोकांनी ठरवलेला एक ठोकताळा फार उपयोगी आहे. आपल्याकडचा सगळ्यात लांब डबा मोजा. वळणाची त्रिज्या त्याच्या अडीच पट असेल तर बहुतेक गाड्या चालतील, तिप्पट असेल तर निर्धास्त चालतील, साडेतीन-चार पट झाली की दिसायलाही बऱ्या दिसतील आणि पाचपट झाली तर वळणावरच डबे जोडता-सोडता येतील. २७ सेंटिमीटरच्या डब्याला तिप्पट म्हणजे ८१. तेवढी जागा नसेल तर लांब डब्यांचा मोह सोडून छोट्या वाघिणींची मालगाडी किंवा घाटातली चिमुकली गाडी निवडावी. या ठोकताळ्यात इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत, कोणतंही विशिष्ट माप नाही. डब्याची लांबी हेच एकक. म्हणून तो एन, एचओ, ओ, कुठेही लागू पडतो.

सरळ रूळ एकदम वळणाला जोडला तर गाडी झटका खाते. खऱ्या रेल्वेत मध्ये संक्रमण वक्र घालतात, म्हणजे वळण हळूहळू तीव्र होत जातं. ते गणित करत बसायची गरज नाही. वर्तुळाची रेषा आणि सरळ रेषा एकमेकींना चिकटू न देता त्यांच्यात सेंटिमीटरभर अंतर ठेवा. मग एक लवचीक पट्टी घ्या, बांबूची कांब किंवा प्लॅस्टिकची पट्टी चालेल, आणि तिचं एक टोक सरळ रेषेवर, दुसरं वर्तुळावर खिळ्यांनी धरा. मध्ये पट्टी जो आकार घेते तोच संक्रमण वक्र. वाकवलेली पट्टी स्वभावतःच कुठेही एकदम वाकत नाही, वाक वाटून घेते. खऱ्या रेल्वेचे अभियंते जो वक्र गणिताने काढतात त्याच्या अगदी जवळचा हा आकार असतो.

चढाचंही तसंच. घरच्या रेल्वेत शंभराला दोनपेक्षा जास्त चढ ठेवू नये असं सांगतात. बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे शंभराला २.७ आहे, आणि नेरळ-माथेरानचा तर विसास एक. मग आपल्यालाच ही बंधनं का? बोरघाटात मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात आणि माथेरानची गाडी चार-सहा डब्यांची असते, हे त्याचं उत्तर. आपली वळणं खऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र असल्याने चढाच्या ओढीत वळणाची ओढही मिसळते. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओत साधारण आठ सेंटिमीटर उंची लागते. शंभराला दोनने चढायचं तर चार मीटर लांबी झाली, आणि तितकीच उतरायला. बोरघाटाची हुबेहूब प्रतिकृती करायची तर पळसदरी ते खंडाळा हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग एचओत जवळपास २४० मीटर होतो. म्हणून जाणकार सगळा घाट न करता एक बोगदा, एक कमान-पूल आणि १९२९ पर्यंत जिथे गाडी दिशा बदलत असे ते उलटफेर स्थानक, एवढंच निवडतात. काय वगळायचं हे ठरवणं हेच या कलेतलं सगळ्यात अवघड काम आहे आणि त्याला युक्ती नाही.

विजेच्या बाबतीत तर आकड्यांवाचून बोलणंच व्यर्थ. 'जाड वायर वापरा' या सल्ल्याने नवखा माणूस पार गोंधळतो. हिशोब असा. आजच्या डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीमध्ये, एचओच्या रुळांवर साधारण १४-१५ व्होल्ट कायम असतात आणि त्याच विजेतून इंजिनाला हुकूम जातात. विजेची दिशा सतत उलटसुलट होते. अर्धं आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचं असेल तर तो 'एक', १०० किंवा त्याहून लांब असेल तर 'शून्य'. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या पद्धतीवरून एनएमआरएने १९९० च्या दशकात हे मानक केलं, त्यामुळे एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचं इंजिन चालवतो. आता समजा, रेल्वे पाच मीटर लांब आहे. वीज जाऊन परत येणार, म्हणजे दहा मीटर वायर. अर्धा चौरस मिलिमीटरची पातळ वायर घेतली तर तिचा रोध होतो ०.३४ ओहम, पाच अँपिअर वाहिले की पावणेदोन व्होल्ट वाटेतच गेले. घरच्या वायरिंगला मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोटा जेमतेम एक तृतीयांश व्होल्टचा.

यात खरी काळजी दिवे मंद होण्याची नाही. गाडी घसरून दोन रूळ एकमेकांना जोडले गेले, तर पुरेसा प्रवाह वाहून संरक्षक यंत्रणेने वीज तोडायला हवी. वायर पातळ असेल तर रोधामुळे प्रवाह तेवढा वाढतच नाही, यंत्रणेला शॉर्ट झाल्याचं कळतच नाही, आणि घसरलेल्या इंजिनाची चाकं तापून प्लॅस्टिक वितळतं. म्हणून नाण्याची चाचणी सांगितलेली आहे. एक नाणं घ्या, रेल्वेच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. प्रत्येक ठिकाणी वीज लगेच तुटली पाहिजे. जिथे तुटत नाही तिथे मुख्य वायरीतून आणखी एक जोड द्या. रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या छोट्या पट्ट्यांवर वीज वाहून नेण्याचा भार टाकू नका. त्या सैल होतात, त्यांत रंग आणि गोंद शिरतो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची डाखवलेली वायर हवी.

विजेच्या या बाजूने छंदाला किती खोल नेता येतं याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचं. तिथला 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' १९४६ चा. त्याच्या काही सभासदांना गाड्यांपेक्षा फळीखालच्या तारांत रस होता. टेलिफोन एक्स्चेंजचे रिले वापरून त्यांनी गाड्यांचं नियंत्रण उभारलं. त्यांतलीच काही मुलं पुढे संस्थेत आलेल्या संगणकांकडे वळली. १९६२ च्या 'स्पेसवॉर' या संगणकी खेळामागे या क्लबातली मंडळी होती आणि खेळायची हातातली खोकी क्लबातल्याच सुट्या भागांतून जुळवलेली होती.

सगळ्याच युक्त्यांवर एकमत असतं असं नाही, आणि नसावंही. रुळांवर काळा थर जमतो, तो कशाने पुसायचा, यावर लोक हिरिरीने भांडतात. वर्षानुवर्षं आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगितलं जाई. गेल्या काही वर्षांत केरोसीनच्या जातीच्या, अध्रुवीय द्रावकांचा पक्ष बळावला आहे: चाक आणि रुळामध्ये बारीक ठिणग्या पडून काळा थर होतो आणि रुळावर उरलेला ध्रुवीय द्रावकाचा अंश त्यात भर घालतो, असं त्यांचं म्हणणं. अल्कोहोलवाले हे मान्य करत नाहीत. माझा कल केरोसीनवाल्यांकडे आहे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे आणि ती जास्त महत्त्वाची. खरखरीत कागदाने रूळ घासू नये. ओरखडे पडतात आणि मळ पुढच्या वेळी त्या ओरखड्यांत बसतो. मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट रुळावर अगदी हलक्या हाताने फिरवलं तर वीज चांगली पोचते, हेही बऱ्याच जणांनी पडताळून पाहिलं आहे. इथे पुन्हा मात्रा आली. हात जड झाला की चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात.

बहुतेक उपलब्ध ज्ञान अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन किंवा इंग्लंडमधल्या डेव्हनच्या हवेत तयार झालेलं आहे, आपल्या नाही. अमेरिकी पुस्तकं बजावतात की हिवाळ्यात घर तापवलं की हवा कोरडी पडते, फळ्या आकसतात आणि रूळ फुगून वाकतात, म्हणून फटी ठेवा. दादरच्या घरात हिवाळ्यात असं काही होत नाही. मग तो सल्ला फेकून द्यायचा का? कारण पाहिलं तर तो आपल्यालाही लागू आहे, ऋतू तेवढे बदलतात. जुलैत फळी ओल शोषून फुगते आणि रुळांच्या फटी रुंदावतात. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः पुणे-नाशिककडच्या कोरड्या हवेत, ती आकसते, त्याच वेळी धातू उष्णतेने वाढतो. दहा मीटर निकेल-सिल्व्हरचा रूळ वीस अंश तापला तर तीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो. म्हणजे पावसाळ्यात रूळ घालणाऱ्याने फटी मोकळ्या ठेवायच्या आणि भर उन्हाळ्यात घालणाऱ्याने त्या जवळजवळ मिटवायच्या. प्लायवूडच्या सगळ्या बाजू, कापलेल्या कडांसकट, आधी रंगवून घेतल्या तर ही ये-जा पुष्कळ कमी होते.

खडीचंही असंच. खऱ्या रुळाखालची पाच सेंटिमीटरची खडी एचओत अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी होते, म्हणून लोक नदीची किंवा समुद्राची वाळू चाळून वापरतात. आपल्याकडे सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा; त्याच्या वाळूत मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर काळ्या जड वाळूचे पट्टेच आहेत. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. तो हे कण उचलतो आणि मोटर व दंतचक्रं त्यांनी खराब होतात. वाळू कागदावर पसरा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जोरकस चुंबक तिच्यावरून फिरवा. कण चिकटणं थांबेपर्यंत. मग ती रुळांत पसरून आधी पाण्याचा फवारा मारायचा, नंतर एक भाग फेविकॉल आणि दोन-तीन भाग पाणी असं मिश्रण थेंबाथेंबाने सोडायचं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब हवेतच. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो. नाहीतर गोंदाचा थेंब वाळू सोबत घेऊन गोळी होऊन बसतो.

आपल्या छांदिष्टांपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न मात्र गेजचा आहे. जगभरचा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे ८७ ने गुणल्यावर १४३५, युरोप-अमेरिकेचा प्रमाण गेज. भारताचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एचओत तो १९.२६ व्हायला हवा. तयार रुळावर भारतीय डबा ठेवला की तो अरुंद पायांवर उभा दिसतो. ब्रिटिशांनी हे दुखणं फार आधी सोसलं आहे. त्यांची इंजिनं बुटकी, त्या काळच्या मोटरी मोठ्या, म्हणून त्यांनी गाडी १:७६ ची केली आणि रूळ मात्र १६.५ चाच ठेवला. ते ओओ माप आजही तिथे सर्वांत लोकप्रिय आहे. ज्यांना ते खुपलं त्यांनी १९६० च्या दशकात बरोबर १८.८३ मिलिमीटरचा रूळ आणि त्याची बारीक चाकं तयार केली. ही १८.८३ ची सामग्री आपल्या कामाची आहे. ८७ ने गुणलं तर १६३८ येतात, ब्रॉडगेजपेक्षा फक्त ३८ मिलिमीटर कमी. मॉडेलवर हा फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. मीटरगेजला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो, आणि माथेरानच्या ६१० मिलिमीटरला एचओत सात मिलिमीटर लागतात, तिथे झेड मापाचा साडेसहाचा रूळ अगदी जवळ बसतो.

जागा नाही ही अडचण मुंबईकर सांगतात, ती खरी आहे, पण तिच्यावरही उत्तरं तयार आहेत. जपानमधल्या छोट्या घरांतून आलेल्या टी-ट्रॅक पद्धतीत प्रत्येकजण ३०८ मिलिमीटर रुंदीचं एक खोकं बनवतो. दहा जण जमले की टेबलावर दहा खोकी जोडून एन मापाची रेल्वे होते आणि संध्याकाळी जो तो आपलं खोकं घेऊन घरी जातो. ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाचा 'इंगलनूक' तर भिंतीवरच्या फळीवर मावतो. दोन सांधे, तीन सायडिंग, आठ वाघिणी. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूला इंजिन अधिक तीन. चिठ्ठ्या टाकून आठांपैकी पाच वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे ६,७२० क्रम होतात, म्हणजे रोज एक लावला तरी अठरा वर्षं पुरतात. चढ नाही, तीव्र वळण नाही. शंटिंग मात्र पुरेपूर. पहिली रेल्वे म्हणून मी कुणालाही हीच सुचवेन. पूर्ण बांधलेली मोठी रेल्वे आधी डोळ्यांनी पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे; ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. खेळ बघून झाला की सिग्नल आणि सांधे कसे चालतात ते विचारा.

आणि तुमच्याकडे काही चाललं असेल, किंवा चाललं नसेल, तर ते लिहून काढा. कोकणातल्या घरात जुलै आणि मेमध्ये फटी किती मिलिमीटरने बदलल्या, कुठल्या नदीच्या वाळूत चुंबकाला किती काळे कण लागले, १८.८३ च्या रुळावर भारतीय इंजिनाच्या बोगी बसवताना कुठे घासल्या. वस्तू, माप, ऋतू आणि कारण, एवढ्या चार गोष्टी त्यात असू द्या, आणि ते मराठीत लिहा. मिलवॉकीच्या हवेबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. आपल्या हवेबद्दलचं आपल्यालाच लिहायचं आहे.